स्थितिभोजन

सरकारी कागदावर त्या यंत्राचं नाव ‘पदसंवेदन-मापक’ असं होतं. आकिवड्याच्या लोकांनी ते पहिल्याच आठवड्यात मोडीत काढलं आणि त्याला ‘चहाडखोर पाट’ म्हणायला सुरुवात केली. नाव अगदी फिट्ट बसलं. दिसायला तो जेवायला बसायच्या पाटासारखाच होता, फक्त जरा पातळ. त्यावर अनवाणी उभं राहायचं, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. मग पाट तुमच्या मज्जातंतूंची चहाडी मोबाइलवर करायचा. हिरवा पट्टा आला तर ठीक. पिवळा आला तर बिघाड सुरू झालाय, पण भरून येईल. तांबडा आला तर जे गेलं ते गेलं.

कृष्णाकाठच्या त्या शाकाहारी पट्ट्यात पाटाने भलतीच खळबळ उडवली. तालमीत घुमणारे गडी पिवळ्यात निघाले. सोयरीक जुळवताना लोक पत्रिकेच्या आधी पाटाचा रंग विचारू लागले, आणि एका ठरलेल्या लग्नात नवऱ्या मुलाने आजारपणाचं निमित्त काढून पाटावर चढायचं टाळलं म्हणून मुलीकडचे उठून गेले. विमा कंपन्यांना तर आयतंच कोलीत मिळालं होतं.

हा पाट स्कूटरवर बांधून गावोगाव हिंडायचं काम त्रिशला मगदूमकडे होतं. ती आरोग्य उपकेंद्रात तपासनीस होती, पंचेचाळिशीची, बोलायला फटकळ. लोकांना समजावून सांगायची तिची एक ठरलेली पद्धत होती. “विजेच्या तारेवर प्लास्टिक असतं की नाही? तसंच आपल्या नसांवरही एक आवरण असतं. ते धड ठेवायला बी-बारा लागतं. ते मिळतं दुधातून, अंड्यातून, मांसातून. भाजीभाकरीतून मिळत नाही. लिव्हरमध्ये चार-पाच वर्षं पुरेल एवढा साठा असतो, म्हणून कुणाला काही कळत नाही. साठा संपला की आवरण विरायला लागतं, आणि सगळ्यात लांब नस कुठली? तळपायाची. म्हणून आधी पाय जातात.”

रक्त तपासून हे नेहमी कळतच असं नाही. डाळी आणि पालेभाज्या खाणाऱ्याचं रक्त चांगलं लालभडक दिसतं आणि आत नसांचा निकाल लागत असतो. पाटाची करामत अशी की तो तळव्याला आपल्याला जाणवणारही नाही इतकी बारीक थरथर द्यायचा आणि पायाचे स्नायू तिला किती वेळाने उत्तर देतात ते ऐकायचा. निरोप जाऊन उत्तर यायला सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाने उशीर झाला तरी तो पकडायचा. माणसाला मुंग्या येण्याच्या कितीतरी आधी पाटाला कळलेलं असायचं. त्यात डोळे मिटायला लावण्याचं कारण असं, की पायांचा निरोप येईनासा झाला की माणूस नकळत डोळ्यांनी तोल सांभाळायला लागतो. जमीन दिसतेय तोवर तो ताठ उभा असतो.

त्या वर्षी आकिवड्यात दिगंबर मुनींचा संघ चातुर्मासाला आला. पावसाळ्याचे चार महिने मुनी एका गावी राहतात, एरवी पायी फिरत असतात. संघातले एक मुनी निर्वेदसागर. बारा वर्षांपूर्वी ते भरत मगदूम होते, त्रिशलाचे पती. त्यांनी दीक्षेसाठी बायकोची परवानगी मागितली होती आणि तिने ती दिली होती. का दिली, हे तिला तेव्हाही नीट सांगता आलं नव्हतं आणि आताही आलं नसतं. त्या वेळी मुलगी सन्मती दहा वर्षांची होती. धाकटे दीर आदगोंडा तेव्हापासून शेती बघत होते.

संघ गावात शिरला तेव्हा सगळं गाव वेशीवर होतं. मुनी खाली मान घालून, पुढची चार हात जमीन न्याहाळत चालतात. पायाखाली किडामुंगी चिरडू नये म्हणून तसा नियमच आहे. निर्वेदसागरही तसेच चालत होते. “काय ती चाल! नजर हलत न्हाई बगा जमिनीवरनं,” आदगोंडा भारावून म्हणाले. त्रिशलाला मात्र वेगळंच दिसलं. बाकीचे मुनी पुढची जमीन बघत होते. निर्वेदसागर स्वतःची पावलं बघत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंदिरात मुनी डोळे मिटून ध्यानाला उभे राहिले. निर्वेदसागर खांबाला लागून उभे होते. त्यांचा खांदा खांबाला टेकत होता, सुटत होता, पुन्हा टेकत होता. त्रिशलाने अशी माणसं शेकड्यांनी पाहिली होती. या माणसाने दीक्षा घेताना दूध, दही, तूप जन्मभरासाठी सोडलं होतं, हे तिला ठाऊक होतं. बारा वर्षं म्हणजे साठा केव्हाच संपलेला.

पायांनी अधू झालेले साधू दुसरीकडे असतील, त्यांना कुणी खाटेवर बसवून भरवत असेल. दिगंबर मुनींचं तसं नाही. दिवसातून एकदाच, उभ्याने, स्वतःच्या ओंजळीत घेऊन जेवायचं, यालाच स्थितिभोजन म्हणतात. आधाराशिवाय उभं राहता येईनासं झालं की मुनी अन्न सोडतो आणि शांतपणे देह ठेवतो. हे त्रिशलाला लहानपणापासून माहीत होतं आणि तिला त्याबद्दल आदरही होता. पण ते म्हाताऱ्या, पिकल्या पानांसाठी होतं. हा माणूस पन्नाशीचा होता आणि बी-बाराच्या चार थेंबांवाचून जाणार होता.

“मग पाटावर उभं कर ना त्यांना,” सन्मती म्हणाली. ती पुण्याहून सुट्टी काढून आली होती.

“मी हात लावू शकत नाही, आणि ते तपासून घेणार नाहीत. रक्तसुद्धा देत नाहीत कुणी.”

“हात कशाला लावायचाय? आहाराच्या आधी पाय धुता ना त्यांचे? पाटावरच उभं करता ना? त्या पाटाखाली आपला पाट ठेवायचा. अर्धं मिनिट पुरे आहे. थेंब आमटीत घालायचे. कुणाला पत्ता लागणार नाही.”

“आणि आहार देण्याआधी ग्वाही द्यावी लागते, तेव्हा तोंडाने काय म्हणू? आहार शुद्ध आहे?”

“शुद्धच आहेत की थेंब. तूच सांगतेस सगळ्यांना, जीवाणू नाहीत, नुसत्या विकरांनी, एन्झाइम्सनी बनवलेत म्हणून.”

हे खरं होतं. पूर्वी हे जीवनसत्त्व जीवाणू वाढवून काढत, त्यामुळे सोवळी माणसं नाक मुरडायची. आता तीही सबब उरली नव्हती. त्रिशला दोन दिवस घुम्यासारखी वावरली आणि तिसऱ्या दिवशी तिने चौका लावला. म्हणजे आंघोळ करून, सोवळ्याने, विहिरीच्या गाळून उकळलेल्या पाण्यात स्वयंपाक केला. पाय धुवायच्या लाकडी पाटाखाली तिने तो दुसरा पाट सरकवला. थेंबांची बाटली मात्र फडताळातच राहू दिली.

मुनी आहाराला निघतात ते मनात काहीतरी खूण धरून. अमुक रंगाचं लुगडं, दारात अमुक फळ, असं काहीही. खूण जुळेल त्या दारी थांबायचं, नाही जुळली तर उपाशी परतायचं. ती खूण कुणालाही सांगत नाहीत. म्हणून घरोघर लोक दारात कलश घेऊन उभे असतात आणि कुणाचं नशीब उघडेल ते कुणालाच माहीत नसतं.

निर्वेदसागर मगदूमांच्या दारी थांबले.

आदगोंडांना हुंदका आवरेना. तिघांनी प्रदक्षिणा घातल्या, महाराजांना आत आणलं. पाट मांडलेला होता, तांब्यात कोमट पाणी होतं. महाराजांनी उजवं पाऊल उचललं आणि त्रिशलाने रीतीप्रमाणे म्हणायला सुरुवात केली, “मनशुद्धी, वचनशुद्धी...”

तिची जीभ तिथेच अडली. तिने पुन्हा सुरुवात केली, तरी पुढचा शब्द बाहेर पडेना.

“महाराज, या पाटाखाली यंत्र आहे,” ती म्हणाली. “तुमचे पाय तपासायला मी लपवून ठेवलंय.”

आहाराच्या वेळी मुनी बोलत नाहीत. त्यांनी उचललेलं पाऊल मागे घेतलं, त्यासाठी आधी भिंतीला हात लावला, आणि वळून निघून गेले. असं एकदा परतलं की दुसरं दार नाही, म्हणजे त्या दिवशी अन्न नाही आणि पाणीही नाही, थेट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत.

“वैनी, ह्ये काय केलंसा तुम्ही?” आदगोंडा ओरडले. “बारा वर्सानं दारात पाय लागला, आन् उपाशी घालिवलासा! काय म्हणंल गाव?”

“गाव काय म्हणायचं ते म्हणू दे, भाऊजी. त्यांनी भिंतीला हात लावला तो पाहिलात का तुम्ही?”

आदगोंडांनी पाहिलं नव्हतं. ते पाया पडायला वाकलेले होते.

दुपारी मंदिराच्या ओवरीत मुनी शंका विचारणाऱ्यांसाठी बसतात. त्रिशला सन्मतीला आणि दिरांना घेऊन गेली आणि सात-आठ हात अंतरावर बसली. पाट तिने उघडाच बरोबर आणला होता.

“महाराज, चूक झाली. क्षमा मागायला आलेय.”

“तुम्ही वेळेवर सांगितलंत, बाई,” निर्वेदसागर म्हणाले. बारा वर्षांत तिने त्यांचा आवाज इतक्या जवळून ऐकला नव्हता. तो बदललेला नव्हता आणि त्याचाच तिला राग आला. “काय सांगणार होतं हे यंत्र?”

तिने तारेचं, प्लास्टिकचं सगळं सांगितलं. ते पूर्वाश्रमीचे शेतकी पदवीधर होते, त्यांनी दोन प्रश्न अचूक विचारले.

“गेल्या चैत्रापासून पायाखाली कापूस अंथरल्यासारखं वाटतं,” ते म्हणाले. “खडा टोचत नाही, ऊन पोळत नाही. मला वाटलं, देहाची आसक्ती सुटत चालली. बरं वाटलं होतं.”

“ते वैराग्य नाही, महाराज. ती कमतरता आहे!” त्रिशलाचा आवाज चढला आणि ओवरीतली चार माणसं वळून बघायला लागली. “खडा टोचूनही चालत राहणं म्हणजे वैराग्य. खडा कळलाच नाही तर त्यात तुमचं काय?”

“आई, हळू,” सन्मती कुजबुजली.

पण निर्वेदसागर हसले, अगदी पुसटसं. ते उठून आत गेले, संघप्रमुख आचार्यांशी बोलून आले आणि मोरपिसांची पिंछी व कमंडलू बाजूला ठेवून स्वतःच पाटावर उभे राहिले. डोळे उघडे असताना ते ताठ होते. डोळे मिटल्यावर मात्र पहिल्याच क्षणी कलंडले आणि आदगोंडांनी धावत जाऊन त्यांना सावरलं. या खेपेला आदगोंडांनी सगळं पाहिलं. दुसऱ्यांदा ते कसेबसे पुरेसा वेळ टिकले आणि मोबाइलवर पिवळा पट्टा उमटला.

“भरून येईल,” त्रिशला म्हणाली. तिला रडू यायला लागलं होतं. “रोज थेंब मिळाले तर सहा-आठ महिन्यांत फरक पडेल. मी रोज चौका लावीन, आहारात घालीन. आता तर उघडच आहे सगळं.”

“माझ्यासाठी केलेलं मला चालत नाही, बाई.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गृहस्थ स्वतःसाठी रांधतो, त्यातलंच मुनीने घ्यायचं, मुनीसाठी म्हणून केलेलं घ्यायचं नाही, असा नियम आहे. आता महाराज गावात असले की आमटीला चार मिरे कुणासाठी जास्त पडतात हे सगळ्यांनाच माहीत असतं, आणि पुष्कळदा तिकडे काणाडोळाही होतो. निर्वेदसागर या बाबतीत काटेकोर होते. संसारातही ते असेच होते. पाहुण्यांसाठी वेगळी भाजी केली की त्यांना खपायचं नाही.

“आचार्य म्हणाले, वस्तू शुद्ध आहे, आहारातून यायला हरकत नाही,” ते पुढे म्हणाले. “पण तुमच्या घरी जे रोजच्या जेवणात तुम्ही घेता, तेच. तुम्ही घेता का हे थेंब?”

त्रिशला मोबाइलवरचा पिवळा पट्टा बघत राहिली.

“नाही घेत,” सन्मतीने सांगून टाकलं. “आणि दूधही घेत नाही. तुम्ही सोडलंत त्याच दिवशी हिनेही सोडलं. बारा वर्षं चहासुद्धा बिनदुधाचा. मी सांगून थकले.”

आदगोंडा वहिनीकडे बघतच राहिले. घरात दूध कोण पितं आणि कोण नाही, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

“बाई या पाटावर उभ्या राहिल्यात?” निर्वेदसागरांनी विचारलं.

“तपासनीसाने उभं राहायचं नसतं. यंत्राचा अंदाज बिघडतो,” त्रिशला म्हणाली. हे धादांत खोटं होतं आणि बोलल्याबरोबर तिला स्वतःलाच त्याची लाज वाटली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. तालुकाभर लोकांना पाटावर चढवणारी बाई स्वतः कधी चढली नव्हती, कारण रंग कुठला येणार ते तिला ठाऊक होतं. हिरवा आला असता तर, बारा वर्षं सोडूनही काही झिजलं नाही म्हणून, तिला वाईट वाटलं असतं.

ती उठली, चपला नव्हत्याच, पाटावर उभी राहिली आणि डोळे मिटले. सन्मती शेजारी हात पसरून उभी होती. तो हात तिला दोनदा लागला. पट्टा पिवळा होता, पण पार तांबड्याच्या शिवेवर. महाराजांपेक्षा वाईट.

“आई!” सन्मतीचा चेहरा पांढराफटक पडला.

निर्वेदसागरांनी तो पट्टा पाहिला. ते आता कुणाचेच पती नव्हते, कुणाचे वडील नव्हते, आणि त्यांनी तसं बोलायचंही नव्हतं.

“मी सोडलं ते माझं व्रत होतं,” ते म्हणाले. “ते मी विचारपूर्वक घेतलं होतं. तुमचं ते व्रत नव्हतं, बाई. ते तुम्ही कुणापाशी घेतलं नव्हतं.”

“कुणापाशी घेणार?” त्रिशला म्हणाली. “ज्याच्यापाशी घ्यायचं तो निघून गेला होता. तुम्ही जे खात नाही ते मला गिळवत नव्हतं. एवढंच.”

तिने बारा वर्षांत हे कुणाला सांगितलं नव्हतं. आदगोंडांनी टोपी काढून तोंड पुसलं. निर्वेदसागरांनी हात उचलून आशीर्वाद दिला, तिला जेवढा तेवढाच बाकीच्यांना, आणि ते आत गेले.

त्या रात्रीपासून त्रिशला थेंब घेऊ लागली. पहिल्या घासाला तिला आपण काहीतरी मोडतोय असं वाटलं. सन्मती समोर बसून शेवटपर्यंत बघत होती. चार-सहा दिवसांत आमटीत थेंब घालणं मीठ घालण्याइतकं सवयीचं झालं. आदगोंडाही मुकाट्याने घेऊ लागले. आता घरातलं अन्न घरासाठीच होतं आणि थेंब त्यात होते. त्रिशला रोज सकाळी कलश घेऊन दारात उभी राहायची आणि शुद्धीची सगळी वाक्यं न अडखळता म्हणायची.

निर्वेदसागर रोज दारावरून पुढे जायचे. त्यांच्या मनातली खूण त्या दारात पुन्हा जुळली नाही. कधी ते पलीकडच्या गल्लीत थांबायचे, कधी उपाशीच परतायचे. मुद्दाम टाळतात का, असं सन्मतीने एकदा विचारलं. ते त्रिशलालाही माहीत नव्हतं.

आणि एका सकाळी ते शेजारी पद्माक्का चौगुल्यांच्या दारात थांबले. त्रिशला आपल्या दारातून बघत होती. चौगुल्यांच्या घरात एकच धांदल उडाली. महाराज आत गेले, पद्माक्काचे यजमान पाय धुवायला बसले, तेवढ्यात पद्माक्का मागच्या दाराने सोवळ्यातच कुंपणापाशी धावत आली. ओवरीतली गोष्ट एव्हाना गावभर झालेली होती.

“आगं त्रिशला, त्ये थेंब दे की! लवकर. आमटीत टाकतो. बिनस्पर्शाचं वरनं टाक बाटली, मी पदरात झेलतो.”

बाटली फडताळात हाताशी होती. त्रिशला ती घेऊन कुंपणापाशी आली. पलीकडे चौगुल्यांच्या सोप्यात महाराजांची पाठ दिसत होती. ते पाटावर उभे होते, पावलं जरा जास्तच फाकवून.

“तुम्ही घेता का घरात, पद्माक्का?”

“आम्हाला कशाला? आम्ही ठणठणीत हाय. म्हाराजांस्नी पायजे न्हवं? कुणाला कळतंय, टाक.”

कुणालाच कळलं नसतं. चार थेंब आमटीत गेले असते, ओंजळीतून पोटात गेले असते आणि त्या थकत चाललेल्या नसांना एक दिवसाचं बळ मिळालं असतं. त्रिशलाला ते इतकं हवं होतं की तिने बाटलीचं झाकण फिरवायला घेतलंही. असे दिवस किती मिळतील, हे पाटसुद्धा सांगू शकत नव्हता.

“आज नाही देत,” ती म्हणाली.

“काय म्हंतीस? तुजाच त्यो...” पद्माक्काने जीभ चावली.

“आज घातले तर ते त्यांच्यासाठी होतील. ते त्यांना चालत नाही. तू जा आत, उशीर होतोय.”

पद्माक्का तिच्याकडे वेड्यासारखी बघत राहिली आणि मग धावत आत गेली. त्रिशला कुंपणाशी उभी राहिली. पद्माक्काने ओंजळीत भाकरीचा कुस्करा घातला, त्यावर आमटी ओतली, मग पाणी. महाराज सावकाश जेवत होते. त्रिशला रडली आणि तिने डोळे पुसायचा खटाटोपही केला नाही. महाराज गेल्यावर ती आत आली, तिने आपलं ताट वाढून घेतलं आणि आमटीत आपले थेंब घालून जेवली.

दुपारी तिने स्कूटरवरून पाट सोडला आणि काखेत घेऊन चौगुल्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. पद्माक्का भांडी आवरत होती. वर्षभर पाटाला चुकवत आलेली बाई, तिने आधी त्या पाटाकडे पाहिलं आणि मग त्रिशलाच्या सुजलेल्या डोळ्यांकडे.

“म्हाराजांसाठी चढू म्हंतीस व्हय?” तिने विचारलं.

“महाराजांसाठी असेल तर चढू नकोस,” त्रिशला म्हणाली. “तुझ्या स्वतःच्या पायांसाठी असेल तर चढ.”

पद्माक्काने हात पदराला पुसले, लुगडं जरा वर खोचलं आणि ती पाटावर उभी राहिली.

“मीट डोळे,” त्रिशला म्हणाली, आणि तिला सावरायला दोन्ही हात पुढे केले.